त्रेसष्ट थकीत बिले



मागील लेखात आम्ही निवृत्तीच्या बचतीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या काही पत्रांत मात्र निराळीच विचारणा होती. घरातून सुरू केलेल्या छोट्या सेवा-व्यवसायाचे पैसे गिऱ्हाइकांकडून वेळेवर कसे मिळवावेत, आणि मिळाल्यावर वहीत कसे मांडावेत? विषय रूक्ष आहे, हे आम्ही जाणतो. तरीही या वेळी त्यावरच लिहायचे ठरवले, कारण या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक घडली आहे आणि तिची किंमत आम्हांला नव्हे, तर आमच्यावर विश्वास टाकणाऱ्या एका भगिनीला मोजावी लागली. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. नाव मात्र देत नाही. आम्ही त्यांना ताई म्हणतो, येथेही तसेच म्हणू.

ताई नागपूरकडच्या. पतीच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आल्या आणि कित्येक वर्षे अवलंबितांच्या व्हिसावर घरी बसून राहिल्या. २०१५ च्या मे महिन्यात एच-४ व्हिसाधारकांपैकी काहींना काम करण्याचा परवाना मिळू लागला, तेव्हा त्यांच्यासारख्या अनेकींना दार उघडले. त्यांनी काही वर्षे एका दुकानात नोकरी केली आणि नंतर स्वतःची एक छोटी कंपनी काढली. काम कोणते, तर दवाखाने आणि लहान कार्यालये यांची साफसफाई. आपल्याच माणसांनी भुवया उंचावल्या. 'शिकलेली बाई, आणि इथे येऊन पुन्हा झाडूच?' असे एका स्नेहभोजनात कोणी तरी बोलून गेले. ताईंचे उत्तर आमच्या कानांत आजही आहे: 'गावात माझ्या आजीनं झाडलं, त्याचं बिल कुणी दिलं नाही. मी महिनाअखेरीला बिल पाठवते, आणि त्यावर तीस दिवसांची मुदत छापलेली असते.'

त्या बिलांचा हिशोब ठेवण्याची जबाबदारी गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्वतःहून मागून घेतली. आम्ही संगणक अभियंते. मोठमोठ्या कंपन्यांच्या व्यवहारप्रणाली लिहिण्यात आयुष्याची दहा-बारा वर्षे गेलेली. नऊ गिऱ्हाइकांचा हिशोब तो काय! ताई शाळकरी वहीत तारीखवार नोंद ठेवीत: अमुक दिवशी अमुक चेक, चेकचा क्रमांक, रक्कम. ती वही पाहून आम्हांला थोडे हसूच आले होते. आम्ही त्यांना एक प्रचलित हिशोबाचे सॉफ्टवेअर घेऊन दिले, बँकेचे खाते त्याला जोडले, बिलाचा नमुना सुबक करून दिला आणि दर रविवारी रात्री तासभर बसून नोंदी करू लागलो. (एक सूचना ओघात देऊन ठेवतो. आमचे ग्रीन कार्ड झाले आहे. एच-१बीवर असलेल्या वाचकांनी जोडीदाराच्या कंपनीचे 'थोडेसे काम' करण्यापूर्वीही वकिलाला विचारावे. मोबदला घेतला नाही म्हणजे ते काम नव्हे, असे गृहीत धरू नये.)

जुलै ते जानेवारी अशी सात महिन्यांची बिले गेली. नऊ गिऱ्हाईके, सात महिने, त्रेसष्ट बिले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअरच्या पडद्यावर 'मुदत टळलेली बिले' या सदरात बरेच आकडे तांबडे दिसले. थकबाकीदारांना आपोआप स्मरणपत्र पाठवण्याची सोय त्यात होतीच. आम्ही एक कळ दाबली. पत्राच्या तयार मसुद्यात विलंबशुल्काची ओळ होती, दरमहा दीड टक्का. ती आम्ही वाचलीही नाही.

दोन दिवसांनी ताई आमच्या घरी आल्या. बसल्या नाहीत. त्यांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे एक वृद्ध दंतवैद्य. दर महिन्याच्या पाच तारखेला चेक देणारे, नाताळात कामकरी बायकांना स्वतःच्या हाताने लिफाफा देणारे. त्यांना सात महिन्यांची थकबाकी आणि वर विलंबशुल्क अशी मागणी गेली होती. त्यांनी काहीही न बोलता वटलेल्या चेकच्या प्रती काढून ताईंच्या हातावर ठेवल्या होत्या.

'ज्या माणसानं एक चेक कधी उशिरा दिला नाही, त्याला आपण चोर म्हटलं, भाऊ.'

'आपण' हा शब्द त्यांनी वापरला, हे त्यांचे मोठेपण. चूक सर्वस्वी आमची होती.

चूक नेमकी काय झाली ते सांगतो, कारण असे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पुष्कळ घरांत तीच चूक होत असते आणि वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. बिल काढले, त्या क्षणी वहीत दोन गोष्टी घडतात: उत्पन्न जमा होते आणि गिऱ्हाइकाच्या नावे 'येणे' उभे राहते. पुढे चेक येतो. तो चेक म्हणजे नवे उत्पन्न नव्हे. उत्पन्न तर बिलाच्या दिवशीच धरलेले आहे. चेक फक्त ते येणे फेडतो आणि बँकेतील शिल्लक वाढवतो. म्हणून चेक हातात आल्यावर त्या गिऱ्हाइकाचे ते विशिष्ट बिल उघडून त्यावर 'पैसे मिळाले' अशी नोंद करावी लागते. आम्ही काय केले? बँकेकडून आपोआप उतरणाऱ्या प्रत्येक भरण्यापुढे सॉफ्टवेअर 'हे कशाचे पैसे?' असे विचारी, आणि आम्ही डोळे मिटून 'सेवेचे उत्पन्न' असे उत्तर देत गेलो. परिणामी तेच उत्पन्न दोनदा मोजले गेले आणि एकही बिल कधी फिटले नाही. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत बँकेत साधारण पंचेचाळीस हजार डॉलर जमा झाले होते. आमच्या अहवालात उत्पन्न एकोणनव्वद हजारांच्या घरात दिसत होते. तो अहवाल तसाच करसल्लागाराकडे गेला असता, तर ताईंनी न मिळवलेल्या पैशांवर कर भरला असता.

त्यातच आणखी एक चूक दडलेली होती. न्यू जर्सीत इमारतींच्या साफसफाईवर विक्रीकर लागतो, ६.६२५ टक्के. सोळाशे डॉलरच्या कामाचे बिल १,७०६ डॉलरचे होते. त्यातील १०६ डॉलर सरकारचे, ताईंच्या हाती केवळ ठेव म्हणून आलेले. आम्ही बँकेत आलेली संपूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून मांडल्याने सरकारचे पैसेही ताईंची कमाई ठरत होते. विलंबशुल्काचे तर काय सांगावे! ताईंच्या करारात तशी तरतूदच नव्हती. करारात नसलेले शुल्क नंतर बिलावर छापले, म्हणून ते देणे लागत नाही, आणि ते मागितल्याने विश्वास मात्र जातो.

येथे थोडे विषयांतर करण्याची अनुमती असावी. बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आपण सर्वजण सांगतो. कोलंबियातील १९१५ चा ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरील आणि अर्थव्यवस्थेवरील प्रबंध, १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ. परंतु १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत ते बाटलीबॉय यांच्या हिशोबनिसांच्या प्रशिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते, हे आपल्या बोलण्यात फारसे येत नाही. महाडचा सत्याग्रह १९२७ चा; म्हणजे चवदार तळ्याच्या दिवसांतही हा माणूस भावी हिशोबनिसांना व्यापारी कायदा समजावून देत होता. त्याआधी, बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर, त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. तोही सेवा-व्यवसायच. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि तो बंद पडला. गिऱ्हाईक टिकणे आणि पैसे वसूल होणे या गोष्टी आपल्या लोकांसाठी केवळ कौशल्याच्या कधीच नव्हत्या. म्हणूनच त्या दंतवैद्यांच्या दारात ताईंना मान खाली घालावी लागली, हे आमच्या मनाला फार लागले.

ताईंनी स्वतः जाऊन क्षमा मागितली. आम्ही वेगळे पत्र लिहिले आणि चूक हिशोब ठेवणाऱ्याची आहे, असे स्पष्ट म्हटले. इतर गिऱ्हाइकांनाही दुरुस्तीची पत्रे गेली. त्यानंतरचे चार-पाच रविवार आम्ही सात महिन्यांचा हिशोब पुन्हा मांडण्यात घालवले. या कामात उपयोगी पडली ती ताईंची शाळकरी वही. आम्हांला काम सोपवल्यावरही त्यांनी सवयीने प्रत्येक चेकचा क्रमांक त्यात लिहिणे सोडले नव्हते.

ती वही नसती तर काय झाले असते, याचे एक उदाहरण देतो. बँकेच्या उताऱ्यात एका दिवशी ३,१९८.७५ डॉलरचा एकच भरणा दिसतो. या रकमेचे एकही बिल नाही. वहीत पाहिले तर त्या दिवशी तीन चेक एकत्र भरलेले: १,७०६, ८५३ आणि ६३९.७५. तिन्ही निरनिराळ्या गिऱ्हाइकांचे. अशा वेळी प्रत्येक चेक आधी आपापल्या बिलावर चढवावा लागतो. ते तिन्ही 'हातात आहेत, अजून बँकेत भरलेले नाहीत' अशा तात्पुरत्या खात्यात ठेवावे लागतात. आणि मग तिन्ही मिळून एक भरणा करावा लागतो, म्हणजे तो बँकेच्या ओळीशी तंतोतंत जुळतो. सॉफ्टवेअरमध्ये हे खाते तयारच असते. ते कशासाठी आहे हे न कळल्यामुळे आमच्यासारखे लोक त्याला अडगळ समजतात.

कार्डाने आलेल्या पैशांची तऱ्हा वेगळी. एका गिऱ्हाइकाने ८५३ डॉलरचे बिल कार्डाने भरले. २.९ टक्के अधिक तीस सेंट हा नेहमीचा दर धरला, तर कार्डकंपनी २५.०४ डॉलर कापून घेते आणि बँकेत ८२७.९६ येतात. आपण ८२७.९६ची नोंद केली, तर गिऱ्हाइकाकडे २५.०४ बाकी दिसत राहतात, आणि पुढच्या स्मरणपत्रात त्या बिचाऱ्याला ते मागितले जातात. बिलावर पूर्ण ८५३ मिळाल्याची नोंद करावी आणि २५.०४ हा आपला खर्च म्हणून वेगळा दाखवावा. झेलने येणाऱ्या पैशांत दुसरीच अडचण असते: बिल कंपनीच्या नावे आणि पैसे मालकाच्या पत्नीच्या खात्यातून. म्हणून बिलाचा क्रमांक टिपणीत लिहायला गिऱ्हाइकांना विनंती करावी. सगळेच लिहीत नाहीत. जे लिहितात त्यांचे आभार मानावेत.

चुकलेल्या नोंदी खोडून टाकाव्यात, असा मोह या काळात आम्हांला वारंवार झाला. तो आवरला. आमच्या व्यवसायातही व्यवहाराची नोंद पुसत नसतात. तिच्यासमोर उलटी नोंद करतात, म्हणजे काय घडले होते आणि ते कधी दुरुस्त झाले, हे दोन्ही दिसत राहते. वटल्याशिवाय परत आलेल्या चेकचेही तसेच. 'पैसे मिळाले' ही नोंद नाहीशी करायची नाही. ती उलटवून बिल पुन्हा उघडे करायचे आणि बँकेने लावलेला दंड निराळा लिहायचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे काम संपले. मधल्या काळात फेब्रुवारीची बिलेही निघाली होती. आता यादीत खरोखर मुदत टळलेले एकच गिऱ्हाईक उरले. त्याची चार बिले उघडी होती, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चौथे नुकतेच निघालेले, आधीची तीन चांगलीच जुनी. चार वेळा १,७०६, म्हणजे ६,८२४ डॉलर. आणि हे गिऱ्हाईक कोण? डॉक्टरांच्या वतीने विमाकंपन्यांकडून बिले वसूल करून देणारे एक कार्यालय! दुसऱ्यांच्या थकबाकीवर ज्यांचे पोट चालते, त्यांनी चार महिने सफाईवालीचे पैसे दिले नव्हते.

हे ताईंच्या ध्यानात कसे आले नाही? आम्हीही तेच विचारले. त्यांनी वही पुढे केली. तिच्यात प्रत्येक आलेला चेक होता, तारखेप्रमाणे. जो चेक आला नाही, त्याला तारीखच नसते. आपल्या जुन्या हिशोबपद्धतीत कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या का असत, ते आम्हांला त्या दिवशी उमगले. कीर्द दिवसाचे आलेले-गेलेले सांगते. न आलेले सांगायला नावानिशी मांडलेली खतावणी लागते. ताईंकडे उत्तम कीर्द होती. खतावणी ठेवण्याचे काम आमचे होते, आणि आमच्या खतावणीत नऊच्या नऊ गिऱ्हाईके थकबाकीदार होती. सगळेच दोषी दिसू लागले की खरा दोषी निवांत असतो.

या चार महिन्यांत ताईंनी काय केले होते, तेही तेव्हाच बाहेर आले. त्यांच्याकडे दोन कामकरी स्त्रिया आहेत, दोघी इक्वाडोरच्या. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे त्यांना महिन्यातून किमान दोनदा वेतन द्यावेच लागते. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, ही सबब तेथे चालत नाही, आणि चालू नयेही. म्हणजे बिलाचे पैसे तीस, साठ, नव्वद दिवसांनी येणार. वेतन मात्र पंधराव्या दिवशी जाणार. मधली दरी ताईंनी मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरून काढली होती. शिवाय त्या विक्रीकराचे तिमाही विवरणपत्र बिलाच्या तारखेने भरीत असल्यामुळे नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या न मिळालेल्या बिलांवरचे २१२ डॉलरही जानेवारीत पदरचे गेले होते. 'पैसे येतील, भाऊंचा कॉम्प्युटर सांगेल,' असे त्या घरी म्हणत असत, हे त्यांच्या यजमानांकडून कळले. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

वसुली ताईंनीच केली. फोन केला; 'चेक निघतोच आहे,' असे सांगण्यात आले. आठवड्याने पुन्हा फोन केला, आणि प्रत्येक फोनची तारीख व बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवले. तिसऱ्या आठवड्यात चेक आला: पाच हजार डॉलरचा. सोबतच्या पत्रात, तुमची माणसे वारंवार आलीच नाहीत, म्हणून आम्ही इतकेच देणे लागतो, असे लिहिले होते. आणि चेकवर ठळक अक्षरांत, 'सर्व हिशोब पूर्ण फिटला.'

पाच हजार हातात आहेत, मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना हात लागलेला आहे, आणि समोर असा चेक. भरावा की न भरावा? आमचा पहिला सल्ला 'भरून टाका, उरलेल्यासाठी भांडू' असा होता. तोही चुकीचाच ठरला असता. सुदैवाने एका ओळखीच्या वकिलांना विचारले. न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या एकरूप वाणिज्य संहितेत याविषयी स्पष्ट कलम आहे, ३-३११. रकमेबद्दल प्रामाणिक वाद असेल, आणि 'पूर्ण फेड' असे ठळकपणे लिहिलेला चेक सद्भावाने दिलेला असेल, तर तो वटवणे म्हणजे सामान्यतः तडजोड मान्य करणे होय. उरलेल्या रकमेवरचा हक्क संपतो. चुकून वटवलाच, तर नव्वद दिवसांच्या आत ती रक्कम परत करून हक्क बहुधा वाचवता येतो. न्यूयॉर्कमध्ये हा नियम वेगळा आहे. म्हणून असा चेक आला की तो टेबलावर ठेवावा आणि आपल्या राज्यातील वकिलाला फोन करावा. बँकेत मागाहून जावे.

ताईंनी चेक भरला नाही. त्यांनी आधी स्वतःचे कागद काढले. प्रत्येक ठिकाणच्या झाडू-फडक्यांच्या खोलीत त्यांनी एक कागद लावलेला असतो. काम करणारी स्त्री आली की तारीख, वेळ आणि सही. या गिऱ्हाइकाकडे महिन्याच्या सोळा भेटी ठरलेल्या, भेटीला शंभर डॉलर. चार महिन्यांच्या चौसष्ट भेटी. पाच हजारांत हिशोब मिटवायचा म्हणजे कर धरून सतराहून अधिक भेटी बुडाल्या, असे मानावे लागत होते. कागदावर बासष्ट सह्या होत्या. दोन भेटी खरोखरच झाल्या नव्हत्या; दोन्ही दिवशी बर्फामुळे रस्ते बंद होते.

'दोनचे पैसे आपले नाहीत,' ताई म्हणाल्या. त्या कोणाशी वाद घालीत नव्हत्या, हिशोब सांगत होत्या. दोन भेटींचे दोनशे आणि त्यावरचा कर १३.२५, अशी २१३.२५ डॉलरची वजावट आम्ही रीतसर बिलावर चढवली. उरले ६,६१०.७५. सह्यांच्या कागदांच्या प्रती, चारही बिले, वजावटीची नोंद आणि तो न वटवलेला चेक, असे सगळे पोचपावतीच्या टपालाने परत गेले.

आम्हांला या वेळी १९२८ साल आठवले. त्या वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले होते. महार वतनदाराला गावकामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने मिळे. किती मिळावे, कधी मिळावे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. आणि काम कोणते, याला तर सीमाच नव्हती. विधेयकात अन्य गोष्टींबरोबर दोन मागण्या होत्या: बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करता यावे, आणि कर्तव्ये कोणती व काम सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे निश्चित व्हावे. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. ही वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले. सोळा भेटी, भेटीला शंभर डॉलर, मुदत तीस दिवस, एवढ्या तीन ओळींचा करार ताई प्रत्येक गिऱ्हाइकाकडून सही करून घेतात. या तीन ओळी आम्हांला पूर्वी अगदी सामान्य वाटत.

कोर्टात जाण्याची तयारीही करून ठेवली होती. न्यू जर्सीत लहान दाव्यांच्या न्यायालयाची मर्यादा पाच हजार डॉलर. त्याहून मोठा, वीस हजारांपर्यंतचा दावा विशेष दिवाणी विभागात चालतो. पाच हजारांवरची रक्कम सोडून दिली, तर लहान न्यायालयातही जाता येते. एकटे काम करणाऱ्या वाचकांना, म्हणजे भाषांतर, संकेतस्थळांची कामे, शिकवण्या वगैरे करणाऱ्यांना, काही राज्यांत याहून चांगले संरक्षण आहे. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून, आणि २८ ऑगस्ट २०२४ पासून संपूर्ण न्यूयॉर्क राज्यात, आठशे डॉलर वा अधिक रकमेच्या कामाला लेखी करार बंधनकारक आहे, आणि करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. इलिनॉयमध्ये १ जुलै २०२४ पासून पाचशे डॉलरची, तर कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अडीचशे डॉलरची मर्यादा धरून असेच कायदे आले आहेत. ताईंसारख्या नोकर ठेवणाऱ्या कंपन्या मात्र यांत बसत नाहीत.

आणखी एक गैरसमज दूर करतो. 'पैसे बुडाले तर करात वजा होतील,' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. बहुतेक छोटे व्यवसाय कराचा हिशोब रोखीच्या पद्धतीने देतात, म्हणजे पैसे हाती आले तेव्हाच उत्पन्न धरतात. न आलेले बिल त्यांनी कधी उत्पन्नात धरलेलेच नसते. मग ते वजा कशातून करणार? ताईंचे ६,८२४ बुडाले असते, तर ते सरळ बुडाले असते. हाच फरक जानेवारीत गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या १०९९-एनईसी या पत्रकांच्या वेळीही लक्षात ठेवावा. त्यांतील आकडे त्या वर्षात प्रत्यक्ष दिलेल्या पैशांचे असतात, बिलांचे नव्हेत. (२०२५ पर्यंतच्या देयकांसाठी त्याची मर्यादा सहाशे डॉलर होती, २०२६ पासून ती दोन हजार झाली आहे.)

पैसे आले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच हजारांचा नवा चेक आला, त्यावर या वेळी काहीही लिहिलेले नव्हते. तीन आठवड्यांनी उरलेले १,६१०.७५ आले. पहिला चेक आम्ही जुन्यातल्या जुन्या बिलापासून क्रमाने चढवला: नोव्हेंबर पूर्ण, डिसेंबर पूर्ण, उरलेले १,५८८ जानेवारीवर. बर्फाचे दोन्ही दिवस फेब्रुवारीतले असल्याने वजावट शेवटच्या बिलावर बसली. दुसऱ्या चेकने जानेवारीचे उरलेले ११८ आणि फेब्रुवारीचे १,४९२.७५ फिटले. बेरीज शेवटच्या सेंटपर्यंत जुळली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि ताई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वहीत चेकचा क्रमांक लिहीत होत्या.

त्या कार्यालयाने काम पुढे चालू ठेवण्याची विनंती केली. ताईंनी एक महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि ती जागा आता दुसऱ्या एका दवाखान्याने भरून काढली आहे. दंतवैद्य अजून गिऱ्हाईक आहेत. मात्र ते आता चेकसोबत एक चिठ्ठी जोडतात, बिलाचा क्रमांक आणि खाली स्वतःची सही, आणि ती चिठ्ठी पाहिली की आम्हांला अजून ओशाळल्यासारखे होते.

आपोआप जाणारी स्मरणपत्रे आम्ही बंद केली आहेत. दर महिन्याच्या दहा तारखेला आम्ही आणि ताई थकबाकीची यादी समोर घेऊन बसतो: तीस दिवसांच्या आतली, साठच्या आतली, नव्वदच्या आतली आणि त्यापुढची. प्रत्येक नावापुढे ताई वहीत पाहतात, आम्ही पडद्यावर. दोन्ही जुळले, तरच फोन जातो, आणि तो ताई करतात. या महिन्याच्या यादीत एकच नाव होते, एक्केचाळीस दिवसांचे. चौकशी केली तेव्हा कळले, त्यांचा चेक टपालात आमच्या जुन्या पत्त्यावर गेला होता.